ठोक्याला ठोका: क्रोनी, एनटीपीसेक आणि बाकीच्यांची पडताळणी

२० ऑक्टोबर २०२४

आजपासून वही नीट ठेवायची. निमित्त गेल्या हिवाळ्यातलं पिधान. एका लघुग्रहाने तारा झाकला, मी भोरजवळच्या शेतावरून तो टिपला आणि आमच्या गटातल्या ताईंनी माझ्यापासून बारा-चौदा किलोमीटर बाजूला उभं राहून. दोघांचंही चित्रण स्वच्छ होतं. पण दोन जीवा, म्हणजे लघुग्रहाला आरपार छेदणाऱ्या दोघांच्या दोन रेषा, कागदावर मांडल्या तेव्हा एक दुसरीच्या तुलनेत जवळजवळ सहा किलोमीटर सरकलेली निघाली. सावली सेकंदाला साधारण १५ किलोमीटर धावत होती, म्हणजे आमच्या दोन लॅपटॉपांच्या घड्याळांत ०.४ सेकंदाचा फरक असणार. कोणाचं चुकलं हे आजतागायत कळलेलं नाही. दोन्ही लॅपटॉप त्या रात्री 'वेळ जुळलेली आहे' असंच सांगत होते. चांगली निरीक्षणं वाया गेली याचं मला फार वाईट वाटतं.

पिधानात सगळा जीव वेळेत असतो. १० मार्च १९७७ ला युरेनसने एक तारा झाकला, त्याआधी आणि नंतर ताऱ्याचा उजेड क्षणभर खाली गेला आणि त्यातून युरेनसची कडी सापडली. तामिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेतूनही ते पिधान पाहिलं गेलं होतं. उजेड कधी कमी झाला हे नेमकं ठाऊक नसेल तर आलेखावरच्या अशा खळग्याचा काही उपयोग नाही.

ठरवलंय ते एवढंच: संगणकाचं घड्याळ मिळवणारी जी मोफत सॉफ्टवेअर आहेत ती एकाच यंत्रावर एकेक करून चालवायची आणि खरी चूक बाहेरून मोजायची. गरज ५ मिलिसेकंदांच्या आतली आहे. सावलीच्या वेगाने ते ७५ मीटर होतात, आमच्या कॅमेऱ्याला तेवढं पुरे.

२७ ऑक्टोबर

रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आणि युब्लॉक्सचं एक जीपीएस मॉड्यूल जोडलं. अँटेना बाल्कनीच्या ग्रिलला, आकाश निम्मंच दिसतं, तरी सात-आठ उपग्रह मिळतात. मॉड्यूल दर सेकंदाच्या सुरुवातीला एक विद्युत ठोका देतं, यालाच पीपीएस म्हणतात. ती तार पायच्या १२ क्रमांकाच्या पिनेवर, म्हणजे जीपीआयओ १८ वर आणली.

मोजायची पद्धत माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. ठोका आला की लिनक्सचं कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, त्या क्षणी स्वतःच्या घड्याळात किती वाजलेत ते टिपतं. पीपीएसटेस्ट ही छोटी आज्ञा ते दर सेकंदाला छापते. आज सकाळी सव्वानऊच्या सुमाराची एक ओळ: १७३००००८१२.००१६४२३१०. दशांशचिन्हाच्या डावीकडचा आकडा १९७० पासूनचे सेकंद. ठोका बरोबर सेकंदाच्या कडेवर पडतो, त्यामुळे घड्याळ अचूक असतं तर उजवीकडे सगळी शून्यं दिसली असती. इथे १.६ मिलिसेकंद दिसतात, म्हणजे घड्याळ तेवढं पुढे आहे. मागे असतं तर .९९८ असं काहीतरी आलं असतं. कर्नलला ठोक्याची दखल घ्यायला काही मायक्रोसेकंद लागतात, आपल्या कामात ते धरायची गरज नाही.

नियम एकच पाळायचा. चाचणी चालू असताना कोणत्याही सॉफ्टवेअरला हा ठोका दाखवायचा नाही. त्यांनी इंटरनेटवरून वेळ घ्यायची, ठोका फक्त साक्षीदार.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीचा फायदा घेतला, चार दिवस यंत्र अखंड चालू. आधी सिस्टमडी-टाइमसिंकडी, कारण बऱ्याच लिनक्सवर काही न करता तेच चालू असतं. ते एसएनटीपी बोलतं, म्हणजे एनटीपीची (इंटरनेटवरून घड्याळ जुळवायच्या ठरलेल्या रीतीची) साधी, फक्त विचारण्यापुरती आवृत्ती. एका वेळी एकाच सर्व्हरला विचारतं, सुरुवातीला ३२ सेकंदांनी आणि मग अंतर वाढवत २०४८ सेकंदांपर्यंत. घरच्या फायबरवर चूक उणे ४ ते अधिक ९ मिलिसेकंदांमध्ये हिंदकळत राहिली. कार्यालयातल्या संगणकाला हे भरपूर झालं. आपल्याला नाही.

१० नोव्हेंबर

जुनं एनटीपीडी लावायला गेलो तर डेबियन १२ वर 'एनटीपी' मागितलं की एनटीपीसेक येतं. मूळ एनटीपीतून फुटलेली, जुना पसारा काढून टाकलेली शाखा आहे ती. घड्याळ हाकण्याची रीत डेव्हिड मिल्स यांचीच. डेलावेअर विद्यापीठातल्या या माणसाने १९८५ मध्ये एनटीपीचा पहिला मसुदा लिहिला आणि पुढची कित्येक वर्षं ते काम सोडलं नाही. यंदा जानेवारीतच ते गेले. आज जगातलं जवळजवळ प्रत्येक यंत्र त्यांच्या चार आकड्यांवर वेळ मिळवतं: मी कधी विचारलं, तिकडे कधी पोचलं, तिकडून कधी निघालं, माझ्याकडे कधी आलं. त्यातून जाण्यायेण्याचा वेळ निघतो, आणि जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं धरून घड्याळातली चूक निघते. हे 'असं धरून' पुढे फार महत्त्वाचं ठरणार, असा मला संशय आहे.

वागणूक सांगायची तर संथ आणि भारदस्त. शेवटची आठ उत्तरं हाताशी ठेवून त्यातलं सर्वांत कमी वेळात आलेलं निवडतं. चूक १२८ मिलिसेकंदांच्या आत असेल तर घड्याळ उडी न मारता हळूहळू ओढतं, तेही सेकंदाला अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा वेगाने कधीच नाही. फरक १००० सेकंदांच्या वर असेल तर सरळ बंद पडतं. पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, बंद करून दोन दिवसांनी लावला की तो दोन दिवस मागेच असतो, त्यामुळे सुरुवातीला एकदा मोठी उडी चालेल असं त्याला बजावावं लागतं.

पहिले दीड-दोन तास चूक इकडून तिकडे झुलत राहिली. रात्रभरात स्थिरावली ती दीड मिलिसेकंदाच्या आसपास, सतत एकाच बाजूला. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि पाय तापला तसा वक्र आणखी मिलिसेकंदभर कलला. तोवर विचारण्याचं अंतर १०२४ सेकंदांवर गेलं होतं, त्यामुळे उन्हाची खबर त्याला उशिरा लागली.

१७ नोव्हेंबर

क्रोनी. रिचर्ड कर्नो यांनी सुरू केलं आणि आता मिरोस्लाव्ह लिखवार सांभाळतात. हे सॉफ्टवेअर डायल-अपच्या काळातल्या, अधूनमधूनच जोडल्या जाणाऱ्या यंत्रांचा विचार करून घडलंय आणि ते जाणवतं. एका उत्तरावर विसंबण्याऐवजी आजवरच्या नमुन्यांतून सरळ रेषा बसवतं, जास्तीत जास्त ६४ नमुने, आणि त्या रेषेच्या उतारावरून आपलं स्फटिक, ज्याच्या कंपनांवर संगणकाचं घड्याळ चालतं ते, किती वेगाने पुढे किंवा मागे पडतंय ते काढतं. उतार बदलला असं दिसलं की जुने नमुने टाकून देतं.

यंत्र थंड असताना सुरू केलं. पाचव्या मिनिटाला ठोक्याची चूक २ मिलिसेकंदांच्या आत, अर्ध्या तासात ती हालायची थांबली. दुपारच्या उन्हाचा परिणाम शोधावा लागला इतका कमी.

पण थांबली कुठे? दीड मिलिसेकंदावर. त्याच बाजूला, एनटीपीसेकसारखीच. दोन वेगळ्या घराण्यांची सॉफ्टवेअर एकाच जागी येऊन बसतात, तेव्हा दोष त्यांचा नसून रस्त्याचा असतो. आणि क्रोनीचा स्वतःचा अहवाल काय म्हणतो? सिस्टमचं घड्याळ एनटीपीच्या वेळेपासून ४० मायक्रोसेकंदांवर. या आकड्याचे स्क्रीनशॉट लोक अभिमानाने दाखवतात, मीही दाखवलेत. तो आकडा खोटा नाही. पण तो 'मला जी वेळ बरोबर वाटते तिच्यापासून मी किती दूर' एवढंच सांगतो.

२३ नोव्हेंबर

ओपनएनटीपीडी. ओपनबीएसडीच्या मंडळींचं, २००४ चं. मांडणी चार ओळींत संपते, आणि एनटीपीचं उत्तर भरवशाच्या संकेतस्थळांकडून एचटीटीपीएसवर मिळालेल्या ढोबळ वेळेशी ताडून बघायची त्यांची कल्पना मला मनापासून आवडली. चूक मात्र ६ ते १२ मिलिसेकंद आली, आणि लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात अधूनमधून घातलेला जादा सेकंद, ते हाताळत नाही. ते ज्या कामासाठी लिहिलंय ते हे काम नव्हे. इथे थांबलो.

२४ नोव्हेंबर

लबाड सर्व्हरची परीक्षा. दुसऱ्या पायला मुद्दाम ३०० मिलिसेकंद पुढे ठेवून घरातच सर्व्हर केलं. टाइमसिंकडीला तोच पत्ता दिला, त्याने निमूट मानला आणि 'जुळलं' म्हणून कळवलं. पिधानाच्या रात्री आमच्यापैकी एकाचं हेच झालं असावं. क्रोनीला त्याच्यासोबत तीन खरे सर्व्हर दिले, दोन भारतीय पूलमधले (सगळ्यांसाठी खुल्या सर्व्हरांच्या यादीतले) आणि एक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा. भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी त्याच प्रयोगशाळेकडे आहे. काही मिनिटांत लबाडापुढे फुली पडली. एनटीपीसेकनेही तसंच केलं. एक खरा आणि एक खोटा असे दोनच दिले तेव्हा मात्र कोण खरं हे दोघांनाही ठरवता येईना. किमान चार द्यावेत हा सल्ला का देतात ते डोळ्यांनी पाहिलं.

जाता जाता आणखी एक. गूगलचे वेळेचे सर्व्हर लीप सेकंद एकदम न घेता २४ तासांवर पसरवतात, म्हणून ते इतरांबरोबर एकाच यादीत घालू नयेत. शेवटचा लीप सेकंद २०१६ च्या अखेरीस पडला, आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला. २०३५ पर्यंत ही पद्धत मोडीत काढायचं ठरलेलं आहे, तरी सवय चांगली ठेवावी.

३० नोव्हेंबर, भोर

ज्यासाठी हे सगळं चाललंय तिथे आलो. शेतावर फायबर नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर पाय जोडला. मित्राचे वडील, अण्णा, शाल गुंडाळून शेजारी बसले होते. म्हणाले, "अरे, आम्ही रेडिओच्या पिप-पिपला घड्याळ लावायचो. शेवटची पिप लांब असते, तिच्यावर काटा सोडायचा." मी त्यांना पीपीएसटेस्टच्या ओळी दाखवल्या आणि म्हटलं, अण्णा, ही तीच पिप आहे, फक्त उपग्रहातून येतेय. त्यांना ते एकदम पटलं.

आकडे. क्रोनी म्हणतं चूक अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. ठोका म्हणतो १४ मिलिसेकंद. तासाभराने मोबाईल अंगणातून ओसरीवर आणला, ठोका म्हणाला ९. क्रोनी तिथेच.

संशय खरा ठरला. जाण्यायेण्याचा एकूण वेळ ६० मिलिसेकंदांच्या घरात, पण मोबाईलवर वर जाणारा निरोप आपली पाळी यायची वाट बघतो आणि खाली येणारा भराभर येतो. समजा, जायला ४४ आणि यायला १६ लागले. सॉफ्टवेअर दोन्हीकडे ३० धरतं. चूक १४. दोन टोकांना बसून चार आकडे कितीही वेळा मोजले तरी ही विषमता आतून दिसूच शकत नाही. क्रोनी, एनटीपीसेक, कोणीही असो.

रात्री वही चाळताना क्रोनीबद्दलचं माझं मत थोडं दुरुस्त करावं लागलं. त्याच अहवालात खाली 'रूट डिले' (मूळ घड्याळापर्यंत जाण्यायेण्याचा एकूण वेळ) आणि 'रूट डिस्पर्शन' (वाटेत साठलेली अनिश्चितता) असतात. पहिल्याचं निम्मं करून त्यात दुसरा मिळवला की चुकीची कमाल मर्यादा मिळते. आज ती ३३ मिलिसेकंद होती आणि खरी चूक तिच्या आतच होती. म्हणजे ते प्रामाणिकपणे सांगत होतं, मीच वरची सुखावणारी ओळ वाचत होतो. यापुढे निरीक्षणाच्या नोंदीत ही मर्यादाच लिहायची, वरचा आकडा नाही. गटातल्या सगळ्यांना आज हे कळवलं.

८ डिसेंबर

मोबाईलचा रस्ता बंद. शेतावर जीपीएसच मुख्य, इंटरनेट नुसतं पडताळ्याला. ठोका सेकंद कधी सुरू झाला ते सांगतो, कितवा सेकंद ते नाही. ते मॉड्यूलच्या सिरियल तारेवरून मजकुरात येतं, ९६०० बॉडने, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं, त्यामुळे शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा. म्हणून क्रोनीत मजकुराला फक्त सेकंद ओळखण्यापुरतं ठेवायचं आणि ठोका त्याला बांधायचा. हे लावल्यावर घड्याळ ठोक्यापासून एक-दोन मायक्रोसेकंदांत. ठोका आता स्वतःच पक्षकार झाला, त्यामुळे त्याची साक्ष चालणार नाही हे लक्षात ठेवायचं.

आणि आज ते लगेच दिसलं. महिनाभर कपाटात पडलेलं दुसरं, जुनं मॉड्यूल लावलं. उपग्रह मिळाले, ठोके सुरू, सगळं हिरवं. इंटरनेटचे चारही सर्व्हर मात्र एकमुखाने सांगत होते की घड्याळ तीन सेकंद पुढे आहे. दहा-बारा मिनिटांनी ते आपोआप बरोबर झालं. कारण असं: जीपीएसची स्वतःची वेळ आपल्या वेळेच्या १८ सेकंद पुढे असते, लीप सेकंद तिच्यात धरलेले नाहीत. हा १८ चा आकडा उपग्रह त्यांच्या संदेशात पाठवतात, आणि तो संपूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर जुनं मॉड्यूल कारखान्यात भरलेला जुना आकडा वापरत होतं. शेतावर इंटरनेट नसतं आणि घाईत पाचव्या मिनिटाला चित्रण सुरू केलं असतं, तर ही चूक कोणी पकडली असती? अँटेना निरीक्षणाआधी किमान अर्धा तास लावायची, हे पाटीवर लिहून दुर्बिणीच्या पेटीत ठेवलं.

जीपीएसडी, म्हणजे मॉड्यूलचा मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर, ताजं आहे ना, तेही पाहिलं. २४ ऑक्टोबर २०२१ ला त्याच्या काही आवृत्त्यांनी आठवडे मोजण्यातल्या चुकीमुळे तारीख एकदम मार्च २००२ वर नेली असती, ते वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं.

१५ डिसेंबर, भोर

अँटेना निघाली, केबल कोणाच्या पायात आली, तर घड्याळ किती वेळ तग धरतं? रात्री नऊला अँटेना काढली, अकराला लावली, आणि क्रोनी सावरायच्या आत पीपीएसटेस्टच्या पहिल्या ओळी टिपल्या. पाय उघड्यावर, टेबलावर: साडेतीन मिलिसेकंद. तोवर तापमान २४ वरून १३ अंशांवर उतरलं होतं, आणि थंडीने स्फटिकाचा वेग बदलतो. दुसऱ्या रात्री पाय थर्माकोलच्या डब्यात ठेवला, फटी चिकटपट्टीने बंद: ०.६ मिलिसेकंद. एखाद्या घड्याळाचा वेग दशलक्षात एका भागाने चुकला तर दिवसाला ८६ मिलिसेकंद जातात, हा हिशेब डोळ्यासमोर ठेवला की डब्याची किंमत कळते. दोन सॉफ्टवेअरमध्ये जेवढा फरक नव्हता तेवढा या डब्याने पडला.

२२ डिसेंबर

पायवरून लॅपटॉपला वेळ द्यायची, दोन्हीकडे क्रोनी. वायफायवर उत्तरं एक-दोन मिलिसेकंदांनी उड्या मारतात. सरळ केबल टाकली, लॅपटॉपच्या नेटवर्क कार्डाला स्वतः वेळ टिपू दिली, आणि उड्या वीस-तीस मायक्रोसेकंदांवर आल्या. यापुढे पीटीपी (एनटीपीपेक्षा बारीक वेळ जुळवणारी रीत) वगैरे लावण्यात अर्थ नाही. पायच्या बाजूला तसं कार्डही नाही. केबल पक्की.

५ जानेवारी २०२५

लॅपटॉपला ठोक्याची पिन नाही, मग त्याची साक्ष कोण देणार? कॅमेराच. ठोक्याच्या तारेवर एक एलईडी लावला आणि दुर्बिणीच्या तोंडाशी धरला. सेकंद सुरू होताच तो पेटतो आणि १०० मिलिसेकंद पेटलेला राहतो. कॅमेरा सेकंदाला २५ चौकटी घेतो, प्रत्येक ४० मिलिसेकंदांची. एलईडी पेटला ती पहिली चौकट अर्धवट उजळते. तिचा उजेड पूर्ण चौकटीच्या तीन चतुर्थांश असेल तर ती सेकंदानंतर ३० मिलिसेकंदांनी संपली.

साठ ठोक्यांची सरासरी काढली. जी चौकट ३० मिलिसेकंदांवर संपायला हवी तिच्यावर लॅपटॉपने सरासरी ६८ चा शिक्का मारलाय. ३८ मिलिसेकंदांचा उशीर, यूएसबीतून चौकट येऊन सॉफ्टवेअरच्या हाती पडेपर्यंतचा. दोन तासांनी पुन्हा मोजला, ३७. दुसऱ्या यूएसबी खाचेत घातल्यावर ३८. उशीर स्थिर आहे, म्हणजे वजा करता येतो. चौकटीचा आकार बदलला की तो बदलतो, तेव्हा निरीक्षणाच्या दिवशी त्याच मांडणीत, आधी आणि नंतर, असा दोनदा एलईडी दाखवायचा. शिवाय कॅमेऱ्याचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून तारा ज्या उंचीवर येणार तिथेच एलईडीचा ठिपका पडायला हवा.

अडीच महिने मी मायक्रोसेकंदांची तुलना करत होतो आणि सर्वांत मोठी चूक कॅमेऱ्याच्या तारेत बसली होती. गेल्या वर्षीच्या चित्रणात हे ३८ मिलिसेकंदही मिसळलेले असणार.

१९ जानेवारी, भोर

ताई त्यांचा सगळा संच घेऊन आल्या. त्यांनीही पाय, जीपीएस, केबल, क्रोनी असंच लावलंय, थर्माकोलऐवजी जुना थर्मासचा खोका. दोन दुर्बिणी शेजारी शेजारी उभ्या केल्या, मध्ये एकच एलईडी, माझ्या पायवर चालणारा. त्यांच्या पायला त्याची काही कल्पना नाही, म्हणून साक्ष खरी. अण्णा दर मिनिटाला "आता" म्हणून आवाज देत होते, आम्ही दोघं चौकटी मोजत होतो.

माझा उशीर ३८, त्यांच्या कॅमेऱ्याचा ५१. आपापला उशीर वजा केल्यावर दोन्ही चित्रणांत त्याच ठोक्याची वेळ २ मिलिसेकंदांच्या आत जुळली. तीनदा केलं, तीनदा तसंच आलं. अण्णांनी चहा आणला तेव्हा ताई तिसऱ्यांदा बेरीज तपासत होत्या.

पुढच्या पिधानाला मी इथेच, ताई वाईच्या बाजूला. एलईडी दोघांकडे एकेक. दुसऱ्यासाठी रोधक आणायचा आहे.